ऑपरेशन झालं, पुढची तीस वर्षं कोणाची?

गेल्या उन्हाळ्यात एका मुलीचा फोन आला. मुलगी म्हणते ती जुन्या सवयीनं, आता ती चोवीस वर्षांची आहे. गडचिरोलीच्याही पुढे तिचं गाव. "मॅडम, मी बोलून ऱ्हायली. वॉर्डात तुमी मले रंगाची पेटी आणून देल्ली होती, ते." रंगाची पेटी मला आठवली नाही, पण पोरगी आठवली. नऊ वर्षांची असताना तिच्या लघवीच्या पिशवीला आतड्याचा तुकडा जोडून ती पिशवी मोठी केली होती. "माहं लग्न जुळून ऱ्हायलं. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणते, पोटात काय काय केलं त्याचे पेपर आण, मंगच मी काही सांगीन. माही फाईल भेटन का?"

नागपुरातल्या एका मोठ्या रुग्णालयात मी समाजसेवा अधीक्षक म्हणून बावीस वर्षं काढली. त्याचं नाव लिहीत नाही, कारण नाव आलं की चर्चा त्या एका इमारतीची होते आणि प्रश्न बाजूला राहतो. निवृत्त झाले तरी ओळखी शिल्लक आहेत. दोन दिवस रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बसले. त्या वर्षाचे गठ्ठे सापडले, त्या महिन्याचे नाही सापडले. मधल्या एका पावसाळ्यात खाली पाणी शिरलं होतं, त्यात गेले असतील असं तिथला शिपाई म्हणाला. तो शांतपणे म्हणाला, आणि त्याचं काही चुकलं असंही मला वाटलं नाही. पंधरा वर्षांपूर्वीचा कागद शोधायला तिथं कोणी येत नाही.

त्या फोनमुळे हा लेख लिहिते आहे. माझं म्हणणं साधं आहे. लहान मुलाच्या पोटात असा बदल करून ठेवल्यावर त्या बदललेल्या जागेवर पुढची तीस-चाळीस वर्षं नजर ठेवणं हा त्या ऑपरेशनचाच भाग आहे, आणि तो भाग आपल्याकडे कोणाच्याच नावावर नाही. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही, नवी इमारतही लागत नाही. लागते ती एक यादी.

आधी ऑपरेशनबद्दल, कारण बहुतेकांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं. काही बाळं पाठीवर गाठ घेऊन जन्माला येतात. मणका नीट मिटलेला नसतो आणि मज्जारज्जूच्या खालच्या नसा अर्धवट असतात. पायांचं दुबळेपण सगळ्यांना दिसतं, पण त्याच नसा लघवीच्या पिशवीलाही जातात. पिशवी घट्ट आणि लहान राहते, आतला दाब वाढतो आणि तो मागे किडनीवर जातो. काही मुलग्यांत लघवीच्या मार्गात जन्मतः पडदा असतो, तिथंही शेवटी हेच होतं. काही बाळांची पिशवी पोटावर उघडीच असते. औषधं आणि नळी यांनी जमलं नाही, तर सर्जन साधारण वीत-दीड वीत आतडं बाजूला काढतो, लांबीत उभं कापून त्याची चपटी पट्टी करतो आणि ती पिशवीला ठिगळासारखी शिवतो. पिशवी मोठी होते, दाब उतरतो, किडन्या वाचतात. मूल ओल्या कपड्यांतून सुटतं, शाळेत जाऊ शकतं. या ऑपरेशनच्या विरोधात मी एक शब्द लिहिणार नाही. ते झालं नसतं तर फोन करणारी पोरगी आज डायलिसिसवर असती, किंवा नसतीच.

पिशवी मोठी झाली तरी ती आपण होऊन रिकामी होत नाही. दिवसातून चार ते सहा वेळा नळी घालून ती रिकामी करावी लागते, जन्मभर. हे घरच्या घरी, स्वच्छ धुतलेल्या हातांनी करता येतं आणि त्यासाठी ऑपरेशन थिएटरमधल्यासारखं निर्जंतुक काही लागत नाही, हे अमेरिकेतल्या जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं. माझ्या मते गरिबांच्या घरात पोहोचलेल्या मोठ्या शोधांपैकी हा एक आहे, पण त्याबद्दल कुठं कोणी बोलत नाही. पुढे १९८० मध्ये फ्रान्समधल्या पॉल मित्रोफानॉफ यांनी अपेंडिक्सचीच वाट करून ती पोटावर उघडण्याची युक्ती मांडली. त्यामुळे व्हीलचेअरवरच्या मुलीलाही बेंबीजवळच्या छिद्रातून, कपडे न उतरवता, स्वतःच्या हातानं नळी घालता येते.

इथपर्यंतची गोष्ट सगळे डॉक्टर सांगतात आणि चांगली सांगतात. पुढची गोष्ट वॉर्डात बोलली जात नाही.

आतडं जागा बदलतं, पण धंदा विसरत नाही. त्याचा जन्माचा धंदा शोषून घेण्याचा. अन्नाऐवजी आता त्याच्यासमोर लघवी येते आणि ते लघवीतले क्षार शोषत बसतं. त्यानं रक्तात आम्ल वाढतं. शरीर ते आम्ल मारायला हाडांतून क्षार काढतं, आणि वाढत्या वयाच्या मुलाला हाडांतलं असं देणं परवडणारं नसतं. उपाय स्वस्त आहे, सोड्याच्या गोळ्या. पण रक्त तपासल्याशिवाय गोळी द्यायची की नाही हे कळत नाही, आणि मूल नुसतं थकल्यासारखं, न वाढल्यासारखं दिसतं. घरचे म्हणतात, आधीपासूनच नाजूक आहे.

आतड्याचा दुसरा धंदा चिकट बुळबुळीत पदार्थ सोडण्याचा. पिशवीत बसल्यावरही ते दिवसाला तीस-चाळीस ग्रॅम तरी सोडत राहतं. मीठपाण्यानं पिशवी धुतली नाही तर नळी तुंबते आणि त्या चिकट्याभोवती खडे धरतात. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. शाळेच्या संडासात नळी घालायला जागा नाही म्हणून ही मुलं सकाळपासून पाणीच पीत नाहीत. खडे होणार नाहीत तर काय होईल! मी एका मुख्याध्यापकांना शाळेतल्या संडासाला फक्त एक कडी आणि एक खुंटी मागितली होती, नळीची थैली टांगायला. कडी बसली. खुंटीसाठी दोन वर्षं लागली.

तिसरी गोष्ट बी-१२ ची. हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं. तुकडा घेताना सर्जन तो शेवटचा भाग सहसा राखतो, पण तरीही कमतरता येऊ शकते, आणि यकृतातला साठा पुरत असल्यानं ती कळायला पाच-सात वर्षं जातात. म्हणजे ऑपरेशननंतर वर्षभरात केलेली तपासणी चांगली येते आणि सगळे निर्धास्त होतात. आपल्याकडे शाकाहारी घरांत हे जीवनसत्त्व आधीच काठावर असतं, हेही त्यात धरा.

चौथी गोष्ट सगळ्यात भयानक, आणि ती क्वचितच होते म्हणून तिच्याबद्दल कोणी सांगत नाही. ठिगळाची पिशवी फुटू शकते. नळी वेळेवर घातली नाही, पिशवी तट्ट भरली, आणि जोडाजवळ पातळ झालेली जागा फाटली. साध्या माणसाला पोटात आग लागली असती. पाठीच्या गाठीसह जन्मलेल्या मुलाला पोटात नीट काही जाणवतच नाही. थोडं पोट दुखतं, उलटी होते, खांदा दुखतो, ताप येतो. गावच्या डॉक्टरनं ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं तर मी त्याला दोष देणार नाही. या मुलाच्या पोटात आतड्याचं ठिगळ आहे हे त्याला कोणी सांगितलं? आणि अशा वेळी नागपूर गाठायला गडचिरोलीहून पावणेदोनशे किलोमीटर आहेत, भामरागडहून जवळपास तेवढेच आणखी.

आता कर्करोग. हा शब्द लिहिताना हात अडखळतो, कारण आईबापांनी अर्धवट वाचलं तर ते ऑपरेशनलाच नाही म्हणतील. म्हणून सावकाश वाचा. आतडं आणि लघवी एकत्र आल्यावर काय होतं याचा अनुभव वैद्यकाला फार जुना आहे. १८५२ मध्ये लंडनला जॉन सायमन यांनी उघड्या पिशवीसह जन्मलेल्या मुलाच्या मूत्रनलिका थेट मोठ्या आतड्यात सोडल्या. पुढे ही पद्धत जगभर वापरली गेली. १९२९ मध्ये अशा जोडावर कर्करोग झाल्याची पहिली नोंद झाली, आणि नंतर लक्षात आलं की तो व्हायला वीस-वीस, तीस-तीस वर्षं लागतात. ती पद्धत त्यामुळे मागे पडली. आजचं ठिगळाचं ऑपरेशन वेगळं आहे, त्यात विष्ठा आणि लघवी एकत्र येत नाहीत. तरी ठिगळ बसवलेल्या पिशवीतही कर्करोगाचे रुग्ण सापडले, तेही दहा वर्षांनंतर, बहुधा त्याहून बऱ्याच उशिरा.

किती? अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ठिगळ लावलेल्या १५३ रुग्णांची तुलना त्याच आजाराच्या, पण ठिगळ न लावलेल्या रुग्णांशी केली होती. पहिल्या गटात ४.६ टक्के जणांना पिशवीचा कर्करोग झाला, दुसऱ्या गटात २.६ टक्के. आकडेशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. याचा अर्थ मी असा लावते की धोका निव्वळ ठिगळाचा नसावा. जन्मतः बिघडलेली, वर्षानुवर्षं सुजलेली, नळी आणि जंतू सोसत राहिलेली पिशवीच धोक्यात असते. म्हणजे ऑपरेशन न झालेल्यांनाही मोकळीक नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणि किडनी बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांत हा धोका आणखी वाढतो. विदर्भात तंबाखू म्हटलं की चघळायचा खर्रा डोळ्यांपुढे येतो आणि आपण तोंडाचाच विचार करतो. या मुलांना वयात येताना विडी-सिगारेटचं वेगळं सांगायला हवं.

मग दरवर्षी दुर्बिणीनं पिशवी बघावी का? इथं माझं मत बऱ्याच जणांना आवडणार नाही. रुग्णालयात असताना मीही दुर्बिणीच्या तपासणीसाठी आग्रह धरायचे. ऑपरेशनला दहा वर्षं झाली की दरवर्षी दुर्बीण, असा सल्ला बरीच वर्षं दिला जात होता. २०११ मध्ये अमेरिकेतून आलेल्या अभ्यासांनी त्याला खीळ घातली. सरसकट सगळ्यांची दरवर्षी दुर्बीण आणि लघवीतल्या पेशींची तपासणी करून हाती फारसं काही लागत नाही आणि खर्चही भागत नाही, असं त्यातून दिसलं. पेशींच्या तपासणीची अडचण तर उघड आहे, आतडं स्वतःच्या पेशी रोज झाडत असतं, त्यामुळे चित्र कायमच गढूळ. म्हणून दुर्बीण खुणा पाहून करावी, असं म्हणणारे डॉक्टर आता बरेच आहेत. लघवीतून रक्त, वर्षात पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग, नव्यानं सुरू झालेलं दुखणं, सोनोग्राफीत किडनीला अचानक सूज किंवा पिशवीच्या भिंतीत जाडपणा. अशी खूण दिसली की थांबायचं नाही, लगेच दुर्बीण आणि गरज वाटली तर तुकडा तपासणीला.

मला हे पटतं. पण या सल्ल्याच्या पोटात एक अट लपलेली आहे. खूण पाहून तपासायचं तर खूण पाहणारा कोणीतरी हवा. परदेशात तो असतो. आपल्याकडे "सरसकट दुर्बीण नको" याचा अर्थ परस्पर "काहीच नको" असा होऊन बसतो.

आता आपल्याकडचं वेळापत्रक बघा. बहुतेक सरकारी रुग्णालयांत बालविभाग बाराव्या वर्षापर्यंत. नंतर मूल मोठ्यांच्या ओपीडीत जातं, तिथल्या डॉक्टरला त्याचा पूर्वेतिहास माहीत नसतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. पाठीच्या गाठीसारखे जन्मजात दोष शोधून उपचारांना पाठवण्यासाठी चांगली योजना आहे, अंगणवाडी आणि शाळांपर्यंत पोहोचते, पण अठराव्या वर्षी थांबते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या २०१७ नंतरच्या यादीत ९९६ उपचार होते आणि पाठपुराव्याची १२१ पॅकेजं. पाठपुरावा म्हणजे काय हे सरकारला कळतं, हे त्यावरून दिसतं. पण पॅकेजचा हिशोब महिन्यांत असतो आणि या मुलांचा पाठपुरावा दशकांत मोजावा लागतो. आणि कागदाचं काय? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी डॉक्टरनं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायच्या आहेत. काही रुग्णालयं जास्त जपतात, तो त्यांचा चांगुलपणा. बी-१२ चा साठा संपायच्या आधी कागद जपण्याची सक्ती संपलेली असते. पहिल्या दहा वर्षांत सहसा न दिसणाऱ्या कर्करोगाची तर गोष्टच सोडा.

मला राहून राहून एका गोष्टीचं आश्चर्य वाटतं. नागपुरात १९८० पासून लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी चालते. कोणत्या भागात कोणाला कोणता कर्करोग झाला हे शहर चाळीस वर्षांहून जास्त काळ लिहून ठेवतं आहे. उद्या पस्तिशीतल्या एखाद्या माणसाला पिशवीचा कर्करोग झाला तर त्याची नोंद होईल. पण त्याच्या पिशवीला लहानपणी ठिगळ लावलं होतं का, हे ताडून पाहायला दुसरी यादीच नाही. एक टोक जपून धरलेलं, दुसरं सुटलेलं. मग आपण अमेरिकेचे आकडे वापरतो, कारण आपले नाहीत. आपली मुलं वेगळं खातात, वेगळ्या उन्हात राहतात, एकच नळी धुऊन कितीतरी दिवस वापरतात. त्यांचा धोका तेवढाच, की कमी, की जास्त?

या सगळ्यावर ठरलेलं उत्तर मिळतं: पेशंटच येत नाहीत. मी हे वाक्य शेकडो वेळा ऐकलं, आणि खोटं कशाला बोलू, स्वतःही लिहिलं. पाठपुराव्याच्या रकान्यात "रुग्ण आला नाही" असं लिहिलं की आपलं काम झालं. एकदा एका आईला मी जरा रागानंच विचारलं, दोन वर्षं कुठं होतात? ती म्हणाली, "बाई, ऑपरेशन त झालं ना? पोरगं चांगलं हाय. मंग काहून या लागते?" तिच्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आम्ही तिला सांगितलं होतं की तुमच्या मुलावर ऑपरेशन झालं. मुलाच्या आत एक नवी गोष्ट बसवली आहे आणि ती जन्मभर सांभाळावी लागेल, हे सांगितलं नव्हतं. सुट्टी देताना कार्डावर इंग्रजीत "फॉलोअप" असा एक शब्द आणि पंधरा दिवसांनंतरची तारीख. बस्स.

शिवाय ती येते तेव्हा तिला काय मिळतं? पहाटेची लालपरी, दिवसाची मजुरी बुडालेली, अकराला केसपेपरच्या रांगेत. एकला सोनोग्राफीची तारीख मिळते, पुढच्या बुधवारची. रक्त दुसऱ्या इमारतीत. ज्या डॉक्टरनं ऑपरेशन केलं त्याची बदली झालेली. महिलांना एसटीत निम्मं तिकीट झालं त्याचा तिला फायदा झाला, पण बुडालेला रोज कोण देणार? तिसऱ्या खेपेनंतर ती आली नाही तर ती बेफिकीर ठरते. आपण पाठपुरावा अवघड करून ठेवतो आणि मग तो होत नाही म्हणून रुग्णाकडे बोट दाखवतो.

दुसरी हरकत जास्त प्रामाणिक आहे. अशी मुलं किती असतील? सिकलसेल आहे, कुपोषण आहे, बाळंतपणातले मृत्यू आहेत. त्यांना सोडून या मूठभरांसाठी यंत्रणा का उभारायची? हरकत बरोबर आहे, म्हणूनच मी यंत्रणा मागत नाही. मूठभर आहेत म्हणून तर ते स्वस्तात होईल. आणि पाठपुरावा आपल्याला जमत नाही हे साफ खोटं. क्षयाच्या रुग्णाला निक्षय या सरकारी नोंदणीत क्रमांक मिळतो, औषध चुकलं तर आशाताई दारात उभी राहते. लसीकरणाचं कार्ड गोंड आदिवासी पाड्यातली आईही पत्र्याच्या पेटीत जपून ठेवते. विदर्भात सिकलसेलचं कार्ड खिशात घेऊन फिरणारे लोक मी रोज पाहिले आहेत. हे सगळं याच सरकारी यंत्रणेनं, याच कर्मचाऱ्यांनी केलं. जिथं यादी केली तिथं जमलं.

तर माझी मागणी अशी. नागपुरात मेडिकल, मेयो, सुपर ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स आहे, धंतोली-रामदासपेठेत खासगी सर्जन आहेत. मुलांच्या पिशवीवर असं ऑपरेशन जिथं जिथं होतं, तिथून एकच समाईक यादी. नाव, गाव, ऑपरेशनचं वर्ष, आतड्याचा कोणता भाग घेतला, किती घेतला, फोन नंबर दोन, एक शेजाऱ्याचा. दुसऱ्या नंबरचा आग्रह धरते, कारण आमच्या रुग्णांचे फोन रिचार्जअभावी बंद असतात. आता आरोग्य खात्याचा चौदा अंकी आभा क्रमांक आहे, त्याला ही नोंद जोडली तर मूल पुण्याला कामाला गेलं तरी हरवणार नाही. महिन्यातून एक दिवस ठरवून बालशल्य आणि मूत्ररोग विभागाचे डॉक्टर एकाच खोलीत बसावेत, म्हणजे बारा वर्षांचं मूल आणि तीस वर्षांचा माणूस एकाच दारानं आत येईल. वर्षातून एकदा वजन-उंची, रक्तदाब, किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन, रक्तातले क्षार आणि सोडा, किडनी-पिशवीची सोनोग्राफी, आणि पाच वर्षं झाली की बी-१२. यातलं बरंचसं जिल्हा रुग्णालयात होतं, गडचिरोलीच्या माणसाला त्यासाठी नागपूरला आणायची गरज नाही. अहवाल इकडे पाठवा, खूण दिसली तरच माणूस आणा.

दर डिसेंबरात इथं हिवाळी अधिवेशन भरतं. तेवढे दिवस शहरात मंत्र्यांच्या गाड्यांची आणि मोर्च्यांची दाटी असते. रुग्णालयांबद्दल प्रश्न येतात, आणि दर वेळी उत्तरात नवी इमारत नाहीतर नवं यंत्र असतं. यादीचं उद्घाटन होत नाही, फीत कापता येत नाही. ती कोणी मागत नाही याचं हेही एक कारण असावं.

नव्या संशोधनाची वाट पाहावी, असंही कोणी म्हणेल. रुग्णाच्याच पेशी वाढवून प्रयोगशाळेत पिशवी तयार केल्याची बातमी २००६ मध्ये जगभर गाजली होती. अँथनी अटाला यांच्या गटानं सात मुलांवर आणि तरुणांवर ते करून दाखवलं होतं. मलाही तेव्हा भारी वाटलं होतं. पण पुढे त्याच धर्तीवर पाठीच्या गाठीच्या मुलांवर झालेल्या चाचणीचा अहवाल २०१४ मध्ये आला आणि त्यात पिशवीची क्षमता म्हणावी तशी सुधारली नव्हती. ती बातमी अजून व्हॉट्सॲपवर फिरते, अहवाल फिरत नाही. उद्या ती पिशवी जमली तरी तिच्यावर तीस वर्षं लक्ष ठेवावंच लागेल.

संमतीपत्राबद्दल एक बोलायचं राहिलं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी बापाचा अंगठा घेतला जातो. त्यावर भूल आणि रक्तस्राव यांचे धोके असतात, म्हणजे पहिल्या आठवड्याचे. पाचव्या, दहाव्या, पंचविसाव्या वर्षाचं त्यात काही नसतं. आणि ज्याच्या पोटात हे होणार ते मूल तर बाजूला खेळत असतं. माझं म्हणणं, अठरा वर्षं पूर्ण झाली की त्या मुलाला किंवा मुलीला बोलावून, आईबापांना बाहेर बसवून, तासभर सगळं सांगावं. त्यात लग्न आणि मूल यांच्याबद्दलही बोलावं, कारण हे कोणीच विचारत नाही. ठिगळ लावलेल्या मुलीला गरोदर राहता येतं. पण त्या ठिगळाला रक्त पुरवणारी शीर पोटात आडवी गेलेली असते, सिझेरियन करणाऱ्याला ती माहीत हवी. गरोदरपणाची लघवीची पट्टीही अशा लघवीत कधी कधी खोटं बोलते. आणि लघवीची साधी तपासणी केली की जंतू जवळपास कायम दिसतातच. ताप किंवा त्रास नसेल तर त्यासाठी अँटिबायोटिक देत सुटायचं नसतं. पण तालुक्याला हे माहीत नसतं, आणि ही मुलं वर्षाला पाच-सहा कोर्स गिळतात.

त्या मुलीची फाईल मिळाली नाही. मग मी एका ओळखीच्या सर्जनकडे तिला घेऊन गेले. त्यांनी सोनोग्राफी केली, रक्त तपासलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच तिच्या बी-१२ ची तपासणी झाली, ते फार कमी निघालं. सुया सुरू झाल्या. पिशवीत एक खडा होता, तो दुर्बिणीतून काढला, आणि दुर्बीण आत होती तेव्हा त्यांनी जोडाची जागाही नीट पाहून घेतली. जागा चांगली होती.

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून स्टॅंडवर चहा पीत आम्ही दोघींनी मिळून तिच्यासाठी एक कार्ड लिहिलं. वर मी "मूत्राशय" लिहिलं, तिनं ते खोडून "लघवीची पिशवी" करायला लावलं. गावच्या सिस्टरला वाचून लगेच कळलं पाहिजे, म्हणाली. पोटात आतड्याचं ठिगळ आहे. दिवसातून पाच वेळा नळी. पोट दुखलं, उलटी झाली, खांदा दुखला तर पिशवी फुटलेली असू शकते, लगेच मोठ्या दवाखान्यात. लघवीतून रक्त आलं तर दुर्बीण. सिझेरियन करण्याआधी मूत्ररोगतज्ज्ञांशी बोला. रबराच्या हातमोज्यांची ॲलर्जी आहे का, विचारा. ते वाचून तिनं लहानपणी फुगा फुगवला की ओठ सुजायचे हे सांगितलं, म्हणून तेही लिहिलं.

खाली दोन रकाने राहिले. आतड्याचा कोणता भाग घेतला, आणि ऑपरेशनची तारीख. तारखेपुढे तिनं पेनानं लिहिलं, "पोळ्याच्या आधी". दुसरा रकाना कोरा ठेवून आम्ही ते कार्ड स्टॅंडासमोरच्या दुकानात लॅमिनेट करून घेतलं.